दुष्काळातील श्रम, पाण्याची मालकी आणि आर्थिक वाढीचा पुनर्विचार : नीरा कालवा ते रोजगार हमी योजना

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची आणि फेब्रुवारी महिन्यात तीनशे रुपयांची एक कपात असते. वर्षाकाठी अडीच हजार रुपयांची ही कपात व्यवसाय कराची होय. या कराचा कायदा १९७५ चा आहे आणि कराचे उत्पन्न रोजगार हमी निधीकडे वळविण्याची तरतूद त्याच कायद्यात केलेली आहे. शहरातील पगारदाराने दरमहा काही रक्कम द्यावी आणि तिच्यातून अवर्षणग्रस्त भागातील मजुराच्या हाताला काम मिळावे, असा या व्यवस्थेचा आशय होता. ही कपात आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील इतिहासाकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

जागतिक पातळीवर २००८ च्या आर्थिक मंदीनंतर आणि पुन्हा २०२० च्या करोना महामारीनंतर ‘हरित पुनरुभारणी’ ही संकल्पना पुढे आली. मोडलेली अर्थव्यवस्था सावरण्यासाठी होणारा सरकारी खर्च निसर्गाची झीज भरून काढण्याकडे वळवावा, त्यातूनच रोजगार निर्माण व्हावा, असे तिचे सूत्र आहे. महाराष्ट्राला हे सूत्र नवे नाही. दुष्काळात माणसे जगविण्यासाठी काम काढावयाचे आणि त्या कामातून माती व पाणी यांचे संधारण साधावयाचे, हा विचार येथे किमान दीडशे वर्षे या ना त्या स्वरूपात चालत आलेला आहे. त्यामुळे या विचाराच्या यशापयशाचा पुरावाही येथे उपलब्ध आहे.

आर्थिक वाढ आधी, कल्याण त्यानंतर आणि पर्यावरण सर्वांत शेवटी, हा क्रम अपरिहार्य मानावा काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे. त्याचा शोध मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील नीरा खोरे व त्यालगतचा अवर्षणप्रवण प्रदेश यांच्या इतिहासातून घेतला आहे. दुष्काळी मजुराच्या श्रमातून पाणी निर्माण झाले, परंतु त्या पाण्यावर त्याचा हक्क निर्माण झाला नाही. म्हणून कल्याणाचा खर्च वारंवार इतरांच्या आर्थिक वाढीचे भांडवल ठरला, असे प्रतिपादन येथे केले आहे. लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्याचा आधार प्रकाशित साधने हा आहे.

मोजमापाचा प्रश्न

आर्थिक वाढीचा पुनर्विचार करताना प्रथम तिच्या मोजमापाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाची पहिली गंभीर मांडणी दादाभाई नौरोजी यांनी केली. त्यांनी १८७६ मध्ये वाचलेल्या ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावरील निबंधात १८६७ ते १८७० या काळातील दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये असल्याचा अंदाज होता. दादाभाई या आकड्यापाशी थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर आणि परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मजुराच्या शिध्यावर होणाऱ्या खर्चाशी त्यांनी त्याची तुलना केली आणि सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे दाखवून दिले. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी सुरू झाली ती वैभवाचे प्रमाण म्हणून नव्हे, तर दारिद्र्याचा पुरावा म्हणून, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

पुढे विसाव्या शतकात या मोजणीचा हेतू बदलत गेला. अमेरिकेत सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये सिनेटला सादर केलेल्या अहवालात राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढणे कठीण असल्याचा इशारा दिला होता. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर सकल उत्पादनाची वाढ हेच बहुतेक राष्ट्रांचे ध्येय बनले आणि हा इशारा मागे पडला.

या ध्येयाविषयी शंका घेणाऱ्या दोन घटना १९७२ मध्ये घडल्या. मार्च महिन्यात ‘क्लब ऑफ रोम’साठी तयार झालेला ‘वाढीच्या मर्यादा’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणविषयक जागतिक परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी या परिषदेत दारिद्र्याचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, अशी भूमिका मांडली. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्र सलग तिसऱ्या अवर्षणाला सामोरा जात होता. स्टॉकहोममध्ये जो प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर चर्चिला जात होता, तो येथे दुष्काळी कामावरच्या हजेरीपटावर उभा होता. मात्र या हजेरीपटाची पूर्वपीठिका १८७६ च्या दुष्काळापासून सुरू होते.

नीरा डावा कालवा : दुष्काळी काम ते ऊसशेती

दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ या काळात भीषण दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यात सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली. दुष्काळ निवारणासाठी केंद्र सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले सर रिचर्ड टेम्पल हे काटकसरीचे कट्टर पुरस्कर्ते होते. कामावरील मजुराची मजुरी सुमारे एक रतल धान्य आणि वर किरकोळ रक्कम इतकी खाली आणण्यात आली आणि लोकांना गावाजवळील लहान कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास भाग पाडण्यात आले. याविरुद्ध १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मजुरांचा हा बहिष्कार म्हणजे कल्याणकारी धोरणाच्या आपल्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. पोटापुरती मजुरी ही दया की हक्क, हा प्रश्न त्याने प्रथमच सामुदायिकरीत्या उपस्थित केला.

या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ पासून दुष्काळ संहिता तयार झाल्या. काम कष्टाचे असावे, मजुरी केवळ जगण्यापुरती असावी आणि खरोखर गरजू असेल त्यानेच कामावर यावे, ही या संहितांची भूमिका होती. माणूस मरू न देणे एवढीच राज्यकर्त्यांची जबाबदारी त्यांत मान्य केली होती. त्याच्या श्रमातून उभ्या राहणाऱ्या मालमत्तेशी त्याचा काही संबंध असावा, ही कल्पना त्यांत नव्हती.

या काळात दुष्काळी काम म्हणून आरंभ झालेल्या बांधकामांत नीरा डावा कालवा हे एक ठळक उदाहरण आहे. त्याचे काम १८७६ च्या दुष्काळात सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पुढे बारामती व इंदापूर तालुक्यांतील अवर्षणप्रवण जमिनींना त्याचा लाभ झाला. हेतू असा की पाऊस दगा देईल तेव्हा ज्वारी-बाजरीचे पीक वाचावे. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेईनात आणि कालव्याचा खर्च तर वसूल व्हावयास हवा. वर्षभर पाणी मागणारे व पाणीपट्टी देणारे पीक म्हणजे ऊस. ऊस आल्याने सरकारचा महसूल वाढला, बागाईतदाराची मिळकत वाढली आणि संरक्षणासाठी काढलेला कालवा उत्पादनाचा कालवा बनला. पाणी मोजक्या क्षेत्रात एकवटू नये, ते अधिक गावांत विभागले जावे, यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धती आणली. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न तेव्हाच किती गंभीर झाला होता, हे यावरून दिसते. पुढे दख्खनच्या कालव्यांच्या आधाराने प्रथम खाजगी आणि १९५०-५१ च्या प्रवरानगरच्या पहिल्या गळीत हंगामापासून सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. साखरपट्ट्याच्या अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी ही वाटचाल प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या उद्यमशीलतेची म्हणून सांगितली आहे आणि ती तशी होतीही. परंतु त्या वाटचालीच्या पायाशी दुष्काळी मजुराची टोपली व कुदळ आहे, हे विसरता येत नाही. कालवा खोदणाऱ्या भूमिहीनाला कालव्याचे पाणी मिळाले नाही, कारण पाणी जमिनीमागे जाते आणि जमीन त्याच्यापाशी नव्हती.

याच काळात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात वेगळी दिशा सुचविली होती. सरकारने आपल्याकडील गोऱ्या व काळ्या लष्करातील तसेच पोलीस खात्यातील फाजील शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे अशा रीतीने बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरत जाऊन मगच नद्या-नाल्यांस मिळेल, अशी त्यांची सूचना होती. मोठ्या कालव्याऐवजी पाणी जेथे पडते तेथेच मुरविणे आणि त्याचा भार उपाशी कुणब्यावर न टाकता राज्याने उचलणे, या दोन्ही बाबतींत फुले आपल्या काळाच्या बरेच पुढे होते.

१९७२ चा दुष्काळ आणि हमीची कल्पना

महाराष्ट्रात १९७० ते १९७३ या काळात पडलेला दुष्काळ ग्रामीण स्मृतीत ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच राहिला आहे. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडीचे वाटप आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. अन्नधान्याचे उत्पादन कोसळले असतानाही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय ज्याँ ड्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रामुख्याने या कामांना दिले आहे. मात्र या कामांचा मोठा भाग रस्ते आणि खडी यांवर खर्च झाला. फोडलेल्या खडीचे ढीग पुढे वर्षानुवर्षे तसेच पडून राहिल्याचे अनेक गावांनी पाहिले.

हमीची कल्पना दुष्काळापूर्वीच आकाराला आली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. मागेल त्याला काम, तेही त्याच्या गावाजवळ आणि शेतीला उपयोगी पडणारे, हे त्याचे सूत्र होते. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीही १९७१ मधील भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात ग्रामीण गरिबांसाठी व्यापक सार्वजनिक कामांचा कार्यक्रम सुचविला होता. राष्ट्रीय उत्पन्न वाढले की त्याचा लाभ आपोआप तळापर्यंत झिरपेल, या समजुतीला त्यांच्या आकडेवारीने तडा दिला.

१९७२ मध्ये जाहीर झालेली रोजगार हमी योजना तीव्र टंचाईच्या काळात नेहमीच्या दुष्काळी कामांमुळे बाजूला पडली. पुढे ती पुन्हा सुरू झाली. १९७५ मध्ये व्यवसाय कराची जोड मिळाली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी या तरतुदींमुळे दुष्काळ संहितेतील दयेची जागा हक्काने घेतली. १८७७ च्या बहिष्कारातून उपस्थित झालेल्या प्रश्नाला शंभर वर्षांनी कायद्याचे उत्तर मिळाले. हे उत्तर मिळण्यासाठी राज्याने आर्थिक वाढीचा वेग वाढण्याची वाट पाहिली नाही, ही गोष्ट आपल्या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

हक्क मजुरीवर, मालकी पाण्यावर

या कायद्यात ‘उत्पादक कामां’वर भर होता. ज्यामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उत्पादन वाढेल किंवा ज्याच्या अभावी उत्पादनवाढ खुंटेल, ते काम उत्पादक. खडी फोडण्याच्या अनुभवानंतर ही व्याख्या योग्यच होती. तिच्यामुळे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, समतल चर, वनीकरण यांना चालना मिळाली. १९८३ पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम योजनेला जोडला गेला आणि १९९० पासून फळबाग लागवड. माळावर आज दिसणाऱ्या कित्येक पाझर तलावांचे व फळबागांचे मूळ या योजनेत आहे.

परंतु या व्याख्येत एक मोठी उणीव होती. उत्पादन वाढावे, एवढेच तिने पाहिले. कोणाचे उत्पादन वाढणार, याविषयी ती मौन राहिली. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या बाजूच्या विहिरीत उतरते. विहीर ज्याची, पाणी त्याचे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेल्या तत्त्वानुसार जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी उपसण्याची मोकळीक असते. परिणामी तलाव खोदणारा मजूर मजुरी घेऊन घरी गेला आणि त्याने मुरविलेले पाणी दुसऱ्याच्या मोटारीने उपसले. रोनाल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्येच या योजनेचा टिकाऊ लाभ जमीनधारक वर्गाकडे जात असल्याचे निदर्शनास आणले होते. योजनेला विधिमंडळात सर्वपक्षीय पाठिंबा मिळाला, याचे एक कारण यातही शोधता येईल. शहराच्या करातून ग्रामीण मजुराला काम आणि ग्रामीण बागाईतदाराला पाणी, असा तो मेळ होता.

दुसरी उणीव हिशेबाची होती. योजनेचे यश किती मनुष्यदिवस काम दिले आणि किती रुपये खर्च झाले, यांवरून मोजले गेले. बांधलेला तलाव पाच वर्षांनी गाळाने भरला काय, परिसरातील भूजलाची पातळी वाढली काय, या प्रश्नांना त्या तक्त्यात रकाना नव्हता. देखभालीची जबाबदारी कोणाचीच नसल्याने अनेक कामे मोडकळीस आली. उसाच्या उत्पादनातील वाढ राज्याच्या उत्पन्नात जमा झाली. त्यासाठी उपसलेल्या भूजलाची वजावट मात्र कोणत्याही खात्यात झाली नाही.

मजुरीच्या प्रश्नावरही हमी डळमळीतच राहिली. १९८८ मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाल्यानंतर योजनेवरील उपस्थिती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मजुरांची मागणी शिल्लक असूनही कामे पुरेशी काढली गेली नाहीत. कायद्यातील हक्क प्रशासनाच्या इच्छेवर अवलंबून राहिला की त्याचे काय होते, याचा हा धडा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. मजुराला मजुरी मिळाली, शेतकऱ्याला पाणी मिळाले, मग बिघडले कोठे? वाढलेल्या बागाईतीत मजुरालाही काम मिळालेच असेल. हा आक्षेप निराधार नाही. सिंचित गावांत शेतमजुरीचे दिवस वाढले, हे खरे आहे. परंतु सामायिक स्रोत मोजक्यांच्या उपशामुळे आटला की पुढल्या अवर्षणात सर्वप्रथम त्याच मजुराची विहीर, त्याचे जनावर आणि त्याचे काम संकटात येते. मग पुन्हा दुष्काळी काम, पुन्हा नवा तलाव. कल्याणाचा खर्च अशा रीतीने कायमचा होतो आणि तो ज्या अरिष्टावरचा उपाय आहे, ते अरिष्टही कायम राहते.

पाण्याची वेगळी वाटणी : तीन प्रयत्न

या चक्रातून बाहेर पडण्याचे प्रयत्नही याच प्रदेशात झाले. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. मृद्संधारणाची गरज असताना लोकांना खडी फोडावयास लावले जात असल्याचे पाहून त्यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन खंडाने घेऊन पाणलोट विकासाचा प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायतीची कल्पना निघाली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला जोडावयाचा नाही. भूमिहीनालाही वाटा द्यावयाचा. आणि उसासारखे पीक घ्यावयाचे नाही, असे तिचे नियम होते. पुरंदर तालुक्यातून वाहणारी कऱ्हा नदी पुढे नीरेलाच मिळते. ज्या नीरेच्या कालव्यावर पाणी उसामागे गेले, तिच्याच खोऱ्यात शंभर वर्षांनी पाणी माणसामागे नेण्याचा नियम केला गेला, ही केवळ योगायोगाची गोष्ट मानता येणार नाही. त्या नियमामागे साऱ्या प्रदेशाचा अनुभव होता.

दुसरा प्रयत्न सांगली जिल्ह्यातील. १९८० च्या दशकातील दुष्काळात मुक्ती संघर्ष चळवळीने हमीच्या कामावरील मजुरांना संघटित केले. केवळ खडी फोडण्याऐवजी दुष्काळाचे निर्मूलन करणारी कामे द्या, ही त्यांची मागणी होती. येरळा नदीवरील बळीराजा धरण नदीतील वाळूच्या विक्रीतून निधी उभारून लोकांनी बांधले. भूमिहीनांसह सर्वांना पाण्यात समान वाटा, हे त्यामागील तत्त्व होते. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द मराठी सार्वजनिक चर्चेत रुजविण्यात भारत पाटणकर आदी कार्यकर्त्यांचा मोठा वाटा आहे. पागे यांनी मजुरीचा हक्क जेथे प्रथम आजमावला, त्याच जिल्ह्यात मजुरांनी पुढची पायरी म्हणून पाण्यावरचा हक्क मागितला.

तिसरे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर रोजगार हमी व आदर्श गाव योजनेच्या निधीतून येथे पाणलोटाची कामे झाली. शेजारच्या अनेक गावांतही तशी कामे झाली होती. फरक पडला तो नियमांमुळे. सिंचनासाठी कूपनलिका खोदण्यावर आणि ऊस व केळी या पिकांवर गावाने बंदी घातली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात भूजल टिकले, ते चरांमुळे जितके टिकले तितकेच या ताळेबंदामुळे.

या तिन्ही प्रयत्नांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पाणी पंचायतीचे नियम राज्याच्या कायद्यात उतरले नाहीत, बळीराजा धरण अपवाद राहिले आणि हिवरे बाजारसारखे नेतृत्व सर्वत्र उपलब्ध नसते. तरीही श्रम, पाणी आणि वाटणी या तिन्हींचा एकत्र विचार शक्य आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

हरित पुनरुभारणीची आजची चर्चा

करोनानंतर युरोपीय संघाने २०२० मध्ये ७५० अब्ज युरोंचा पुनरुभारणी निधी जाहीर केला. त्यातील मुख्य योजनेखाली प्रत्येक सदस्य राष्ट्राने किमान ३७ टक्के खर्च हवामानविषयक उद्दिष्टांसाठी करावा, अशी अट होती. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शहरांतून परतलेल्या मजुरांना भारतात आधार दिला तो २००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने. महाराष्ट्राच्या योजनेचा अनुभव या कायद्यामागे होता आणि त्याच्या कामांच्या यादीत जलसंधारणाला अग्रस्थान होते. २०२०-२१ मध्ये या कायद्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. ‘हरित पुनरुभारणी’ हे नाव न घेता झालेला हा जगातील बहुधा सर्वांत मोठा तशा प्रकारचा कार्यक्रम असावा.

महाराष्ट्रातील जलसंधारणाने मात्र मध्यंतरी दुसरे वळण घेतले होते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणासारखी कामे मोठ्या प्रमाणावर यंत्रांनी झाली. टोपली-कुदळीची जागा पोकलेनने घेतली. महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये सादर झालेल्या अहवालाने भूजल पातळीवर अपेक्षित परिणाम न झाल्याचे आणि देखभालीकडे दुर्लक्ष झाल्याचे नमूद केले. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. पूर्वी निदान मजुरी मजुराला आणि पाणी बागाईतदाराला अशी विभागणी होती. यंत्राच्या कामात मजुराची मजुरीही गेली, असे येथे म्हणावे लागते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून १२५ करण्यात आले, जलसुरक्षेला कामांच्या प्रमुख गटांत स्थान मिळाले, बहुतेक राज्यांसाठी खर्चाचा वाटा केंद्र ६० व राज्य ४० टक्के असा ठरला आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद झाली. या बदलांवर मतभेद आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात दोन जुने प्रश्न दिसतात. हंगामात हमी थांबली तर मजुराची घासाघीस करण्याची शक्ती टिकेल काय? आणि जलसुरक्षेच्या कामातून साठणारे पाणी कोणाचे असेल? पहिल्या प्रश्नावर चर्चा होत आहे. दुसऱ्यावर ती जवळजवळ नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष असा की, आर्थिक वाढ साधल्यानंतरच कल्याण परवडते, हे विधान महाराष्ट्राच्या इतिहासाला धरून नाही. रोजगाराची हमी येथे दुष्काळाने खंगलेल्या काळात, करांचा नवा भार उचलून दिली गेली. उलट अनेकदा कल्याणाच्या खर्चानेच वाढीचा पाया घातला, नीरा कालव्यावरील साखर हा त्याचा पुरावा होय.

दुसरा निष्कर्ष, निसर्गाची पुनरुभारणी केवळ बांधकामाने होत नाही. पाणी अडविणे हा अर्धा कार्यक्रम झाला. अडविलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी वापरावे, हे ठरविणे हा उरलेला अर्धा. नीरा कालवा, रोजगार हमी आणि जलयुक्त शिवार यांचा पहिला अर्धा भाग वेगवेगळा असला तरी दुसरा सर्वत्र निसटला.

तिसरा निष्कर्ष हिशेबासंबंधी आहे. दादाभाईंनी सरासरी उत्पन्नाचा आकडा मजुराच्या शिध्यापुढे ठेवून तपासला. तीच पद्धत आजही उपयोगी आहे. तालुक्याच्या उत्पन्नातील वाढीशेजारी भूजलाचा ताळेबंद आणि भूमिहीन कुटुंबाच्या पाण्याच्या वाट्याचा रकाना मांडला गेला, तर वाढ कोठे झाली आणि झीज कोणाच्या माथी आली, हे स्पष्ट दिसेल.

मजुरीचा हक्क मिळविण्यास १८७७ पासून सुमारे शंभर वर्षे लागली. मुरविलेल्या पाण्यावर मुरविणाऱ्याचा वाटा, ही मागणी पुरंदर व सांगलीच्या माळावर चार-पाच दशकांपूर्वीच उच्चारली गेली आहे. ती कायद्यात येण्यासाठी आणखी किती दुष्काळ लागतील, हे वेतनपत्रकातून दरमहा व्यवसाय कर भरणाऱ्या आपणा सर्वांवरही काही अंशी अवलंबून आहे. आपल्या पैशातून खोदला जाणारा तलाव कोणाची विहीर भरतो, हे विचारण्याचा अधिकार त्या कपातीने आपल्याला दिलेला आहे.